लाल पोशाख आणि घड्याळ

गेल्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी विचारलं होतं, की पुस्तकाची किंवा नाटकाची समीक्षा होते तशी एखाद्या संस्थेच्या कामाची करता येते का? येते, असं आम्हाला वाटतं. संस्थासुद्धा दरवर्षी तोच प्रयोग नव्याने उभा करते, मध्ये मध्ये पात्रं बदलते आणि शेवटी प्रेक्षकांपुढे झोळी फिरवते. तेव्हा प्रयोग कसा झाला, हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच.

आज आम्ही अमेरिकन हार्ट असोसिएशनकडे पाहणार आहोत. हृदयविकार आणि स्ट्रोक या दोन आजारांविरुद्ध काम करणारी ही संस्था १९२४ साली सहा हृदयरोगतज्ज्ञांनी स्थापन केली. अमेरिकेतलीच का? कारण दोन. एक, ही संस्था स्वतःचं अपयशही छापते, त्यामुळे तिच्यावर बोलायला पुरावा मिळतो. दुसरं कारण घरगुती आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं तिकडे आहेत, आणि दर उन्हाळ्यात इथले आई-बाबा नातवंडांसाठी पाच-सहा महिने जाऊन राहतात. त्या वयात, त्या देशात काही झालं तर काय, हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही.

आधी या संस्थेचं वर्ष कसं चालतं ते बघू. वर्षाच्या सुरुवातीला हृदयविकार आणि स्ट्रोकच्या आकडेवारीचा जाडजूड अहवाल येतो. फेब्रुवारी हा हृदयाचा महिना, आणि त्याच्या पहिल्या शुक्रवारी लाल कपडे घालायचे. मे महिना स्ट्रोकचा. अधूनमधून गावोगावी देणगीसाठी पदयात्रा. शाळांतून मुलांच्या दोरीवरच्या उड्या; हा उपक्रम १९७८ पासूनचा. तिकडच्या मराठी घरांनाही तो माहीत असतो, कारण मूल शाळेतून देणगीचा कागद आणि छोट्या बक्षिसाची आशा घेऊन घरी येतं, आणि आजोबांच्या खिशाला हात घालतं. हे आम्हाला थोडं खटकतं, पण मुलं उड्या मारतात, त्यात वाईट काय, असं म्हणून पुढे जाऊ.

खरी गोष्ट त्या लाल शुक्रवारची आहे. लाल पोशाखाचं चिन्ह मुळात तिथल्या सरकारच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेनं २००२ साली पुढे आणलं. असोसिएशननं २००४ मध्ये 'गो रेड फॉर विमेन' ही मोहीम सुरू केली. कल्पना योग्य होती, हे आधी मान्य करायला हवं. हृदयविकार म्हणजे ऑफिसात खुर्चीवर कोसळणारा मध्यमवयीन पुरुष, हे चित्र लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट होतं की बाईच्या छातीत दुखलं तर ते पित्त नाहीतर टेन्शन. आपल्याकडे आजही तेच आहे, नाही का? आई म्हणते, "काही नाही गं, गॅस झालाय," आणि ओवा चावून कणीक मळायला घेते. अमेरिकन बाई ओवा चावत नसेल, पण "काही नाही" हे वाक्य तिचंही आहे. स्त्रियांमध्येही छातीतलं दुखणं हेच सर्वांत नेहमीचं लक्षण. पण त्याच्याबरोबर धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं हे त्यांच्यात जास्त आढळतं, आणि तिथेच फसगत होते.

मग मोहिमेनं काय साधलं? संस्थेनंच स्त्रियांची राष्ट्रीय पाहणी वेळोवेळी केली. प्रश्न साधा: अमेरिकेत स्त्रियांच्या मृत्यूचं पहिलं कारण कोणतं? १९९७ साली हृदयविकार असं बरोबर उत्तर देणाऱ्या होत्या ३० टक्के. २००९ पर्यंत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं. टाळ्या वाजवाव्यात असंच हे यश. पण २०१९ च्या पाहणीत तोच आकडा ४४ टक्क्यांवर आला. मोहीम सुरू होऊन पंधरा वर्षं झालेली, दर फेब्रुवारीत इमारती लाल दिव्यांनी उजळलेल्या, मेसीजसारखं मोठं दुकान पहिल्यापासून पाठीशी, आणि माहिती असलेल्या बायका कमी झाल्या. सगळ्यात जास्त घसरण तरुण, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक स्त्रियांत.

हे त्यांनी २०२० मध्ये स्वतःच्याच नियतकालिकात छापलं, म्हणून आम्ही त्यांना मान देतो. किती संस्था असं करतील? पण छापून झाल्यावर प्रयोग बदलायला हवा होता, तो पुरेसा बदलला असं आम्हाला दिसत नाही. लाल पोशाख बाईला सांगतो, तू खंबीर आहेस, स्वतःच्या हृदयाची काळजी घे. हे आयुष्यभराचं सांगणं झालं. आता, या मिनिटाला, जबडा दुखतोय तर काय करू, हे त्या पोशाखाला सांगता येत नाही. शिवाय कोसळलेली बाई स्वतःसाठी काहीच करू शकत नाही. तेव्हा करायचं असतं शेजारी उभ्या माणसानं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आजूबाजूच्या कुणीतरी छाती दाबून मदत केली होती, स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोच यामागे असावा असा संशोधकांचाही तर्क आहे. लाल ओढणी घेतल्यानं तो संकोच जात नाही.

अन्नाच्या पाकिटांवरच्या 'हार्ट चेक' खुणेबद्दल थोडक्यातच बोलतो. १९९५ पासून ही खूण आहे, निकषात बसणाऱ्या पदार्थाला ती मिळते, आणि त्यासाठी कंपनी शुल्क भरते. निकष खोटे नाहीत. पण साखर घातलेल्या न्याहारीच्या सीरियलवरही ती दिसत आली आहे, आणि सफरचंदाला किंवा मटकीला पाकिटच नाही तर खूण कुठे लावणार? ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच फी घेणं आम्हाला पटत नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू. याच संस्थेचं एक काम आहे ज्याला ना पोशाख ना दिवे. आम्ही ते तिच्या सर्वोत्तम कामांत धरतो.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्ट्रोक झाला, तर ती विरघळवणारं औषध अमेरिकेत १९९६ पासून मान्य आहे. अट वेळेची: लक्षणं सुरू झाल्यापासून आधी तीन तास, पुढे निवडक रुग्णांसाठी साडेचार. दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक हिशेब आहे. आणि तरी इस्पितळात पोचलेल्या माणसाला इंजेक्शन मिळायला तासाहून जास्त लागत होता. कागद, सीटी स्कॅनची रांग, तज्ज्ञाला फोन, औषध तयार करणं, एकामागून एक. २०१० मध्ये असोसिएशननं 'टार्गेट: स्ट्रोक' सुरू केलं. सांगणं अगदी साधं होतं. अ‍ॅम्ब्युलन्सनं वाटेतूनच कळवावं, एका फोनवर सगळा चमू जमावा, औषध आधीच कालवून ठेवावं, आणि प्रत्येक इस्पितळानं आपला 'दारापासून सुईपर्यंत'चा वेळ मोजून कळवावा.

१०३० इस्पितळं, ७१ हजारांहून अधिक रुग्ण. हा वेळ सरासरीनं, म्हणजे मध्यकानं, ७७ मिनिटांवरून ६७ वर आला. साठ मिनिटांच्या आत औषध मिळालेले रुग्ण सुरुवातीला तीसात नव्हते, २०१३ मध्ये ५३ टक्के झाले. इस्पितळातले मृत्यू ९.९३ टक्क्यांवरून ८.२५ वर. हे आकडे बघून कुणी नाचणार नाही. पण शंभरांमागे दीडेक माणूस घरी परतलं, त्या घरांना विचारा. सगळं श्रेय एकट्या मोहिमेचं असं कुणी म्हणू नये. तरी मोजायला लावणारी तीच होती.

आमचा आक्षेप इथे येतो. दारापासून सुईपर्यंतचा वेळ डॉक्टरांनी घड्याळ लावून कमी केला. घरापासून दारापर्यंतचा वेळ कुणाचा? तो आपला, सामान्य माणसांचा. सार्वजनिक मोहिमेची, जाहिरातीची, नटनट्यांची खरी गरज तिथे आहे. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतं, ताबडतोब फोन: हे इंग्रजी 'फास्ट' सूत्र संस्था शिकवतेच. स्पॅनिशसाठी भाषांतर न करता 'रापिदो' हा वेगळाच शब्द वापरला, हे फार शहाणपणाचं केलं. पण उत्सवाचा उजेड लाल शुक्रवारवर, आणि हे सूत्र मे महिन्याच्या कोपऱ्यात.

आता न्यू जर्सीतल्या एका घराची कल्पना करा. मुलगा-सून कामावर, आजी सकाळी नातवाला डबा भरून देते. दुपारी तिचं बोलणं जडावतं. बोलणं अडखळतंय हे ओळखणार कोण? ती मराठीत बोलते आहे. तिची रोजची मराठी ज्याला माहीत आहे त्यालाच फरक कळणार, आणि तो बारा वर्षांचा नातू असू शकतो. आपल्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. वारं म्हटलं की ते जाऊन चुकलेलं असतं, आता तेल चोळायचं. मुलगा विम्याच्या खर्चाला घाबरतो, ९११ लावण्याऐवजी स्वतः गाडी काढतो, म्हणजे इस्पितळाला आधी कळतच नाही. आणि तिथे पहिला प्रश्न येतो: यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? औषध द्यायचं की नाही हे त्या उत्तरावर ठरतं, आणि "सकाळी चहा घेतला तेव्हा बऱ्या होत्या" यात किती वाजले ते नसतं.

दक्षिण आशियाई लोकांना हा धोका जास्त, हे संस्थेला माहीत नाही असं नाही. २०१८ मध्ये तिनं याच विषयावर शास्त्रीय निवेदन काढलं, आणि त्याच वर्षीच्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून लिहिला. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातला 'मसाला' नावाचा अभ्यासही आपल्याच लोकांवरचा. हे सगळं डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचलं. त्या नातवापर्यंत पोचायचं काम मात्र तिथल्या महाराष्ट्र मंडळांना उचलता येईल. गणपतीत रक्तदाब मोजण्याचं टेबल मांडता, तिथे एक कागद ठेवा: मराठीत चार ओळी, खाली ९११, आणि 'शेवटचं नीट बोलल्या तेव्हा किती वाजले होते' यासाठी एक रिकामी जागा. फ्रिजवर लावता येईल असा.

इथून जाणाऱ्या आई-बाबांच्या सामानात मेतकुटाबरोबर तोही टाका. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात आधीपासून वर आहे.