अपेक्षाक्षितिज आणि अस्वस्थ प्रेक्षक

स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ एप्रिल १९६८ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा सुरुवातीच्या खेळांतून अनेक प्रेक्षक मध्येच उठून गेले. कुब्रिकने सुमारे १९ मिनिटांचा भाग कापला. तरीही पहिला संवाद कानी पडण्यास जवळजवळ २५ मिनिटे लागतातच. पॉलीन केल या समीक्षिकेने तर चित्रपटाला कल्पनाशून्य ठरवले. तरुण प्रेक्षक मात्र पुनःपुन्हा येत राहिले. अखेरच्या प्रकाशरेषांचा प्रवास त्यांनी एलएसडीच्या अनुभवाशी जोडला, आणि एमजीएमने ‘ट्रिप’ हा शब्दच (व्यापारी चातुर्याने) जाहिरातीत घेतला.

हा विरोध निव्वळ पिढीभेदाचा मानला की प्रश्न फार सोपा होतो. याउसच्या परिभाषेत हा अपेक्षाक्षितिजांचा संघर्ष आहे : विज्ञानकथेकडून कार्यकारणभावाची अपेक्षा बाळगणाऱ्याला जी त्रुटी वाटते, तीच इंद्रियानुभूती शोधणाऱ्याला कलाकृतीचे केंद्र वाटते. तथापि नशेचे अर्थनिर्णयन हेही एक स्पष्टीकरणच होय. प्रकाशरेषांनंतर येणारी ती नीटनेटकी, निःशब्द खोली, तेथे एकाकी जेवणारा वृद्ध, फुटलेला पेला, यांचे त्या वाचनात काहीच होत नाही. इझर ज्यांना रिक्त जागा म्हणतो त्या भरून टाकण्याची घाई दोन्ही पक्षांना झालेली दिसते.

जोसेफ गेल्मिस या परीक्षकाचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे ठरते. प्रतिकूल परीक्षण लिहिल्यावर त्याने चित्रपट पुन्हा पाहिला आणि आपले मत जाहीरपणे बदलले. दरम्यान चित्रपटाचा अर्थ कोणी त्याला समजावून दिलेला नव्हता.