कुलूप गुपित ठेवून भागत नाही

वाळवंटात, भर समुद्रात किंवा भूकंपात टॉवर कोसळल्यावर बातमीदार आणि मदतकार्य करणारे उपग्रहावरून चालणारा फोन वापरतात. त्यावरचे बोलणे तिसऱ्याला कळणार नाही, या भरवशाला २०१२ साली एका संशोधन-निबंधाने तडा दिला. जर्मनीतील बोखुमच्या रूर विद्यापीठातील बेनेडिक्ट ड्रीसेन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांच्या या निबंधाचे नाव आहे ‘डोन्ट ट्रस्ट सॅटेलाइट फोन्स’, म्हणजे उपग्रह-फोनवर विसंबू नका. त्यातले गणित अवघड आहे. तरी शिक्षकांनी तो नजरेखालून घालावा, असे आम्हांला वाटते.

फोन आपला आवाज ० आणि १ यांत बदलतो व त्यांत किल्लीच्या साहाय्याने तयार केलेले दुसरे ० आणि १ मिसळतो. हे दुसरे अंक कसे तयार होतात, ते जीएमआर-१ व जीएमआर-२ या दोन्ही मानकांत गुप्त ठेवले होते. लेखकांनी फोनची यंत्रणा उचकटली नाही. ग्राहकांसाठी खुली असलेली फोनची आज्ञावली घेऊन तिच्यातूनच त्यांनी पद्धत शोधून काढली. आणि निघाले काय? जीएमआर-१ ची पद्धत जीएसएम मोबाइलच्या ए५/२ ची सख्खी बहीण! ती ए५/२ तर १९९९ सालीच दुबळी ठरली होती. किल्ली ६४ बिटांची, म्हणजे शक्यता २ चा ६४ वा घात इतक्या. पण लेखकांच्या रीतीने सरासरी २ चा ३२ वा घात एवढ्याच पायऱ्या लागतात. काम ढोबळमानाने ४३० कोटी पटींनी हलके झाले. (हा भागाकार वर्गात जरूर करून घ्यावा.)

त्यातच उपग्रहाचा एक झोत शेकडो किलोमीटरच्या प्रदेशावर पडतो. उपग्रहाकडून येणारे बोलणे पकडायला फोनच्या आसपास असावे लागत नाही.

निबंधाच्या नावावर मात्र आमचा आक्षेप आहे. तपासली दोन मानके आणि अविश्वास सगळ्याच उपग्रह-फोनांवर! इरिडियमची पद्धत यात तपासलेलीच नाही. खरा दोष उपग्रहाचा नाही, लपवाछपवीचा आहे. यंत्र शत्रूच्या हाती पडले तरी चालावे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, असे ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवले होते. ते पॅरिसमध्ये भाषा शिकवत असत.