चाल कोणाची?

धानाची कापणी उरकत आली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. अर्जुनी मोरगाव, देवरी या पट्ट्यात प्रेक्षक आजही पहाटेपर्यंत मांडी मोडत नाही आणि पदे पेटी-तबल्याच्या साथीवर रंगमंचावरच गायली जातात. संगीत नाटकाच्या जुन्या रचनाकारांचा नव्या ध्वनिमुद्रणांतून जो शोध चालला आहे, त्याचे मोल इथून अधिक नीट जोखता येते.

हा शोध गायकांपाशी येऊन थांबतो, हे त्याचे मोठे उणेपण. भास्करबुवा बखल्यांचेच पाहा. बुवा १९२२ मध्ये गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही. त्यांची प्रतिभा ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) चालींत आहे, पण ती आपल्यापर्यंत आली बालगंधर्वांच्या गळ्यातून. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात मुखडा, अंतरा आणि चार ताना बसवायच्या म्हणजे चाल आणि गायकी एकमेकींत मिसळणारच. यमन किंवा भीमपलासमधली ती पदे ऐकताना बुवांनी काय बांधले आणि गंधर्वांनी काय फुलवले, हे वेगळे काढणे जाणकारालाही जड जाते.

नव्या मुद्रणाला वेळेचे हे बंधन नाही. तरीही बहुतेक गायक गंधर्वांच्या हरकती तशाच गिरवतात किंवा त्यांवर आपल्या ताना चढवतात. पद आधी सरळ, चालीबरहुकूम गायले आणि मग विस्तारले, तर रचनाकार प्रथमच स्वच्छ ऐकू येईल.

चित्रपटांनी उपकार केले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. जितेंद्र अभिषेकींनी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ला दिलेल्या चाली २०१५ च्या चित्रपटामुळे नव्या पिढीच्या तोंडी बसल्या. २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आले. पण मूळ ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली देऊन नाट्यसंगीताचा तोंडवळा बदलला, हे किती श्रोत्यांना उमगले? भव्य वाद्यमेळात चालीची नाजूक वळणे दबतात आणि जुनी चाल कोणती, नवी कोणती, हेही कळेनासे होते. त्यापेक्षा १९९० पासून तबकड्या जमवणाऱ्या, त्यांची माहिती नोंदवणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संग्राहकांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. ऐकणाऱ्याला ते मुळापर्यंत पोहोचवते.

झाडीपट्टीत तर रचनाकाराची ही उपेक्षा आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. हंगामात नवी नाटके येतात, पेटीवर बसलेला माणूस त्यांच्या पदांना चाली लावतो, आणि प्रेक्षक त्या मोबाइलवर टिपून घरी नेतात. चित्रफितीखाली नाटकाचे नाव असते, नटनट्यांची असतात; चाल लावणाऱ्याचे क्वचितच. बखलेबुवांच्या वेळी ध्वनिमुद्रण दुर्मीळ होते, ही सबब तरी होती. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे.

म्हणून नाटक मंडळांनी दर हंगामाअखेर एक दिवस काढावा. पेटीमास्तरांना समोर बसवून प्रत्येक पद एकदा साधेपणाने गाऊन घ्यावे, राग, ताल आणि चालकर्त्याचे नाव त्यांच्याच तोंडून नोंदवावे. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी या मुद्रणांना आपल्या संग्रहात जागा द्यावी. रचनाकार हयात असतानाच हे झाले, तर पन्नास वर्षांनी त्याचा नव्याने शोध घेण्याची वेळ कोणावर येणार नाही.