लेखणी थांबली तेव्हा

न्यायशास्त्रात व्यतिरेक सांगतात: कारण नाही, तर कार्यही नाही. ५ नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेतले पटकथालेखक संपावर गेले. इंटरनेटवरच्या कमाईत त्यांना वाटा हवा होता. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांचे लगेच जुने भाग लागले. सूत्रसंचालकाला आयत्या वेळी सुचतं असं आपण समजत होतो, ते बरंचसं कुणीतरी लिहून दिलेलं होतं!

संप १०० दिवस चालला. ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला सीझन ९ ऐवजी ७ भागांचा झाला आणि बांधीव वाटला. म्हणून संप कलेला मानवतो, असं कुणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. ‘पुशिंग डेझीज’ ९ भागांवर अडकली, परतली तेव्हा प्रेक्षक पांगले होते. दुसऱ्या सीझननंतर ती बंदच झाली. एका उदाहरणावरून नियम कसा काढायचा?

निघतं ते एवढंच: ‘संपामुळे आमची मालिका बुडाली’ म्हणणारा प्रेक्षक नकळत लेखकाचीच साक्ष देतो. ज्याचा हात थांबला की सगळं थांबतं, त्याचा वाटा नाकारायचा कसा? पण रिकाम्या जागी वाहिन्यांनी रिअ‍ॅलिटी शो लावले, आणि तेही पाहिले गेले. तिथे मात्र आपली साक्ष फिरते. रिमोट हातात असलेला प्रेक्षक तटस्थ नसतो, बघा.