कट् वाजलेला मणका

मणका हाताने ‘बसवण्याच्या’ तंत्रांची पारख सध्या आवाजावरून होते. मोबाइलवरच्या चित्रफितींत ध्वनिग्राहक थेट मानेशी धरलेला असतो. झटका बसतो, कट् वाजते आणि उपचार फत्ते झाला असे ठरते. आळंदी-चाकण पट्ट्यात हे माप फार महाग पडेल. इथे वाहन कारखान्यांत पाळीभर वाकून, उचलून झिजलेल्या कमरा आहेत, गळ्यात मृदंग अडकवून तासन्‌तास वाजवणाऱ्या पाठी आहेत आणि पंढरीची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालणारी, साठी ओलांडलेली, ठिसूळ हाडांची शरीरेही आहेत.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, सांधा निखळला की हाडवैद्याकडे जायचे, ही इथली जुनी रीत. मणका हाताने ‘बसवणारी’ कायरोप्रॅक्टिक पद्धत मात्र 1895 साली अमेरिकेत डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी सुरू केली. हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबल्याने त्याचे बहिरेपण गेले, असा त्यांचा दावा होता. सरकलेला मणका हेच बहुतेक रोगांचे मूळ, हा त्यावर उभारलेला सिद्धान्त आज टिकत नाही. कंबरदुखीपुरता मात्र हातांचा उपयोग खरा आहे.

कायरोप्रॅक्टिकच्या तंत्रांत सर्वाधिक चालते ते ‘डायव्हर्सिफाइड’: सांधा त्याच्या हालचालीच्या टोकाशी नेऊन छोटा, वेगवान झटका. जाणत्या हातात ते चांगले तंत्र आहे. गॉन्स्टेड पद्धत क्ष-किरण चित्रांवरच्या रेषांना नको तेवढे महत्त्व देते. थॉम्पसन पद्धतीचे, दाबताच एक भाग किंचित खाली पडणारे टेबल ही सोय आहे, विचार नव्हे. ‘ॲक्टिव्हेटर’चा स्प्रिंगचा ठोका सौम्य, पण पायांची लांबी पाहून मणका निवडण्याचा त्याचा आधार कच्चा. मानेला पट्टा अडकवून हिसका देणे तर तुलनेतही धरू नये.

जेम्स कॉक्स यांची पद्धत वेगळी आहे. रुग्ण पालथा झोपतो. टेबलाचा खालचा भाग हळूहळू झुकतो, वर येतो, पुन्हा झुकतो, आणि उपचारकाचा एक हात कमरेच्या मणक्यावर टेकलेला राहतो. स्नायू कुठे आवळला, कळ पायात उतरली का, हे त्या हाताला कळते आणि ‘थांबा’ म्हटल्याक्षणी हालचाल थांबते. फिजिओथेरपीत मेटलंड यांनी सांधा हलवण्याच्या ज्या श्रेणी लावल्या, त्यांच्या पहिल्या चारांतही हीच शहाणीव आहे: झटका सर्वांत शेवटी, आणि तोही लागलाच तर. सुटलेला झटका परत घेता येत नाही. तंत्रांमधला महत्त्वाचा फरक हाच आहे.

आवाज म्हणजे मणका जागेवर आल्याची खूण नव्हे. 2015 साली अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढताना एमआरआय चित्रे घेतली, तेव्हा कट् होताना सांध्यातील द्रवात पोकळी तयार होताना दिसली. हाड कुठून कुठे सरकले नव्हते. जुनाट कंबरदुखीवरील 47 चाचण्यांचा आढावा 2019 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. हाताने केलेले उपचार इतर शिफारशीच्या उपचारांइतकेच गुणकारी ठरले, वरचढ नाहीत. मग जिथे लाभ सारखाच, तिथे जोखीम कमी ती पद्धत आधी, हे वैद्यकाचे साधे न्यायसूत्र आवाजाच्या हौसेपायी का सोडायचे? मानेच्या झटक्यानंतर रक्तवाहिनी फाटल्याच्या, पक्षाघात झाल्याच्या नोंदी दुर्मीळ आहेत, पण आहेत.

भारतात कायरोप्रॅक्टिकला स्वतंत्र नोंदणी परिषद नाही. म्हणून टेबलावर घेण्याआधी काय विचारले जाते, यावरूनच उपचारक ओळखावा लागतो: ताप आहे का, वजन उतरले का, पूर्वी हाड मोडले का, पाय लुळा पडतो का. बैठकीची जागा बधिर झाली असेल किंवा लघवी अडली असेल, तर कोणतेच तंत्र वापरायचे नसते. तो रुग्ण त्याच तासाला रुग्णालयात जायला हवा. असे काही नसेल तरच हात लावावा, आणि झोपवून घरी पाठवण्याऐवजी चालणे, व्यायाम आणि वजन उचलण्याची रीत शिकवावी. चित्रफितीत हा भाग दिसत नाही, कारण त्याला आवाज नसतो.