बुगुतचा शिलालेख : संघ की शिला?

मंगोलियातील आर्खांगाई प्रांतात १९५६ साली उजेडात आलेल्या बुगुत शिलालेखाचा हवाला धम्मप्रसाराच्या इतिहासात अनेकदा दिला गेला आहे. क्ल्याश्तोर्नी व लिव्शित्स या पंडितांनी १९७०च्या सुमारास त्याचे वाचन करून ‘महान नवा संघ स्थापन करा’ अशी आज्ञा त्यात असल्याचे प्रतिपादिले. हे वाक्य आमच्या वाचकांना प्रिय वाटावे यात नवल नाही. परंतु ते आता टिकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा लेख इ. स. ५८१ मध्ये निधन पावलेल्या तास्पार खागानानंतर थोड्याच काळात कोरला गेला. राज्य तुर्कांचे, पण लेखाच्या तीन बाजू सोग्दी भाषेत आहेत. सोग्द म्हणजे समरकंदचा परिसर. तेथील व्यापारी या भटक्या राज्यकर्त्यांचे दूत व लेखनिक बनले आणि राजकीय लेखनाची भाषाही त्यांचीच झाली. तुर्कांनी स्वभाषेत कोरलेले ओर्खोनचे मोठे लेख आठव्या शतकातले. क्यूल तेगिनचा लेख ७३२चा. तेव्हा बुगुतचा प्रत्येक शब्द आधी सोग्दी शब्द म्हणूनच पारखला पाहिजे.

योशिदा युताका यांनी नेमके हेच केले. मोरियासु ताकाओ यांच्यासह १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या वाचनात ‘नवा संघ’ जाऊन ‘नोम संग’, म्हणजे ‘नियमाची शिला’, आली. ‘संग’ म्हणजे दगड. आपल्या ‘संगमरवरा’तला फारसी ‘संग’ त्याचाच सगोत्र. ‘नोम’ मूळचा ग्रीक ‘नोमोस’. उइगुर व मंगोल बौद्धांनी पुढे तो ‘धम्म’ या अर्थी वापरला, हे खरे. पण तेवढ्यावरून सहाव्या शतकातील राजलेखात धम्मच अभिप्रेत होता असे म्हणणे म्हणजे मागील दाराने संघ पुन्हा आत आणणे होय. चौथ्या बाजूवरील ब्राह्मी मजकूरही दीर्घकाळ संस्कृत मानला गेला. अलेक्झांडर वोविन प्रभृतींच्या अलीकडील वाचनात त्याची भाषा मंगोल वर्गातील ठरली आहे.

खागानाच्या धम्मानुरागाला या शिलेची गरजही नाही. त्याने विहार बांधल्याची आणि उत्तर छी सम्राटाने त्याच्यासाठी निर्वाणसूत्राचे तुर्की भाषांतर करविल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. राजाचा लेख सोग्दीत, सूत्र मात्र तुर्कीत! आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकण्याची चुल्लवग्गातील अनुज्ञा येथे आठवते. त्या भाषांतराची एकही प्रत आज उपलब्ध नाही.