होमरचे वीर आणि कीर्तीचे मोल

ख्रिस्ती धर्मसेवकाने होमर कशासाठी वाचावा, हा प्रश्न आजचा नव्हे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप संत बेसिल याने तरुणांसाठी लिहिलेल्या एका निबंधात त्याला उत्तर दिले आहे. मधमाशी जशी फुलांतून निवड करते, तशी आपणही ग्रीक साहित्यातून निवड करावी, असे तो सांगतो. होमरचे सर्व काव्य म्हणजे सद्गुणाची स्तुती होय, हे एका जाणत्याचे मतही तो मान्यतेने नोंदवितो. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला विवस्त्र ओडिसियस केवळ आपल्या गुणांमुळे फिएशियन लोकांच्या आदरास पात्र ठरला, हा दाखला तो त्यासाठी देतो. बेसिलविषयी पूर्ण आदर राखूनही हे मत आम्हांला अपुरे वाटते. होमरचे वीर हे सद्गुणांचे पुतळे नाहीत. तसे मानून वाचू गेल्यास त्या काव्यातील सर्वांत मोलाची गोष्टच निसटते.

प्रथम ग्रंथांचा थोडा परिचय करून देणे योग्य होईल. होमरच्या नावावर दोन महाकाव्ये आहेत. ‘इलियड’च्या सुमारे १५,७०० व ‘ओडिसी’च्या सुमारे १२,१०० ओळी असून दोन्हींचे प्रत्येकी २४ सर्ग आहेत. त्यांना आजचे रूप इसवी सनापूर्वी आठव्या वा सातव्या शतकात आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नव्या कराराच्या ग्रीकहून त्यांची भाषा कित्येक शतके जुनी आहे. परंतु नवा करार लिहिला जात असतानाही ग्रीक शाळांतील शिक्षणाचा पाया होमर हाच होता. अकिलीसला वारंवार ‘शीघ्रपाद’ म्हणणारी ठरीव विशेषणे आणि पुन्हा पुन्हा येणारी तीच वर्णने यांनी नवा वाचक कंटाळतो. मिल्मन पॅरी व त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील लोकगायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून दाखवून दिले की, लेखणीवाचून दीर्घ काव्य रचणाऱ्या गायकाचे ते साधनच असते. ज्यांनी शाहिराचा पोवाडा समोर बसून ऐकला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

‘इलियड’ म्हणजे ट्रॉयच्या युद्धाची समग्र कथा, हा समज मात्र दूर करावयास हवा. लाकडी घोड्याचे कपट, ट्रॉयचा पाडाव, अकिलीसचा मृत्यू यांपैकी एकही प्रसंग त्यात घडत नाही. दहा वर्षांच्या युद्धातील काही आठवड्यांची ही कथा असून तिचा विषय एकच आहे, आणि तो म्हणजे अकिलीसचा क्रोध. मूळ काव्याचा पहिला शब्दच ‘क्रोध’ या अर्थाचा आहे. सेनापती अगामेम्नॉन त्याच्या वाट्याची बंदिवान स्त्री ब्रिसेइस हिरावून घेतो आणि भर सभेत त्याचा मान जातो. तो रणातून अंग काढून घेतो, आणि त्याची किंमत त्याच्याच पक्षाचे लोक प्राणांनी मोजतात.

या मानापमानाचे मूळ ‘क्लेओस’ या ग्रीक शब्दात आहे. मनुष्याच्या पश्चात लोकांच्या कानी व गायकांच्या मुखी उरणारी कीर्ती, हा त्याचा अर्थ. होमरच्या जगात मृतांना छायारूप अस्तित्वापलीकडे काही मिळत नाही. म्हणून मरणावर मात करण्याचा वीरापुढे एकच मार्ग उरतो, तो कीर्तीचा. घरी परतल्यास दीर्घ पण निनावी आयुष्य, येथे लढल्यास अल्पायुष्य व अक्षय कीर्ती, असे दोन मार्ग आपल्यापुढे असल्याचे अकिलीस नवव्या सर्गात सांगतो. पुढे मित्र पॅट्रोक्लस मारला गेल्यावर तो लढण्यास निघतो खरा. पण त्या वेळी त्याला कीर्तीपेक्षा सूड हवा असतो. तो हेक्टरला ठार करतो, त्याचे प्रेत रथामागे फरफटवितो, मित्राच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी देतो. यात सद्गुणाची स्तुती कोठे आहे? बेसिलने ओडिसियसचा दाखला घेतला, अकिलीसचा घेतला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

होमरचे मोठेपण अन्यत्र आहे. तो शत्रूच्या घरातही तितक्याच ममतेने शिरतो. सहाव्या सर्गात हेक्टर पत्नी अँड्रोमाखीचा निरोप घेतो. अकिलीसने तिचा पिता व सात भाऊ मारले आहेत. आता तिचे सर्व नातेगोते म्हणजे हा एक पती. शिरस्त्राणावरील तुरा पाहून तान्हे बाळ घाबरून रडू लागते, आईबाप हसतात आणि हेक्टर शिरस्त्राण काढून भुईवर ठेवतो. एवढ्या लहानशा कृतीत कवीने वीर आणि पिता यांतील अंतर दाखविले आहे. सिमोन वेल यांनी १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, या काव्याचा खरा नायक म्हणजे माणसाला वस्तू करून टाकणारे ‘बळ’ होय, असे प्रतिपादन केले. आम्हांला ते बव्हंशी मान्य आहे; परंतु काव्याचा शेवट बळाच्या हाती नाही, हेही सांगितले पाहिजे.

तो शेवट चोविसाव्या सर्गात आहे. वृद्ध राजा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपले पुत्र मारले त्यांचेच चुंबन घेतो. तुझ्या पित्याची आठवण कर, एवढेच त्याचे मागणे आहे. दोघेही रडू लागतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस आपल्या पित्यासाठी व पॅट्रोक्लससाठी. एका छताखालचे हे दोन शोक एक होत नाहीत. पण प्रत्येकाला दुसऱ्याचा शोक दिसतो. मग अकिलीस स्वतः प्रेत उचलून ठेवतो आणि वृद्धाला जेवावयास बसवितो. महाकाव्य विजयाने नव्हे, तर शत्रूच्या अंत्यविधीने संपते.

येथे उपदेशकाने सावध राहावे. हा प्रसंग ख्रिस्ती क्षमेचा नमुना म्हणून सांगण्याचा मोह होतो, परंतु तसे करणे कवीवरही अन्याय आहे आणि शुभवर्तमानावरही. अकिलीस क्षमा करीत नाही. मला डिवचू नकोस, नाहीतर माझा तोल जाईल, असा इशारा तो त्याच भेटीत देतो. नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधी आणि बाराव्या दिवशी पुन्हा युद्ध, असा करार ठरतो. होमरला करुणा ठाऊक आहे. समेट ठाऊक नाही. ही मर्यादा झाकून न ठेवता पाहिली, तरच ती करुणा किती महाग होती हे कळते.

कीर्तीचा हिशेब ‘ओडिसी’त पुन्हा मांडला जातो. अकराव्या सर्गात मृतांच्या लोकी ओडिसियसला अकिलीस भेटतो. सर्व मृतांचा राजा होण्यापेक्षा भूमिहीन गरिबाचा मजूर म्हणून जगणे बरे, असे तो म्हणतो. ज्या कीर्तीसाठी आयुष्य दिले, तिचे मोल तो स्वतःच असे करतो. तरीही पुत्राच्या पराक्रमाची वार्ता ऐकताच त्याची छाया हर्षाने निघून जाते. कवी निकाल देत नाही, प्रश्न उघडा ठेवतो.

नव्या करारात ‘वीर’ या अर्थाचा होमरचा शब्द एकदाही आढळत नाही. ‘क्लेओस’ मात्र एकदाच येतो, पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील २० व्या वचनात. तेथे तो मार सोसणाऱ्या घरच्या दासांना उद्देशून केलेल्या उपदेशात आला आहे. त्या काळापर्यंत शब्द झिजून साधा झाला होता, म्हणून त्यावर फार भार घालणे बरे नव्हे. तथापि वीराच्या तोंडचा हा शब्द दासांच्या कानी पडावा, हे अंतर विचार करावयास लावणारे आहे. आपल्या भाषेत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून ओवीबद्ध महाकाव्याच्या मध्यभागी मारणारा नव्हे, तर मरणारा नायक ठेवला. ती योजना किती धाडसाची होती, हे होमर वाचल्यावाचून पुरते उमगत नाही.

म्हणून आमचे मत असे की, होमर वाचावा तो दृष्टांत वेचण्यासाठी नव्हे. निदान चोविसावा सर्ग प्रत्येक धर्मशिक्षकाने एकदा तरी सावकाश वाचावा. शोकाकुल घरात आपण पुष्कळदा सांत्वनाची घाई करतो. होमर ती करीत नाही. तो दोघांना पोटभर रडू देतो, आणि मगच भाकरीची गोष्ट काढतो. आपल्याजवळ त्याच्याहून मोठी आशा आहे. परंतु ती सांगण्यापूर्वी थांबावे किती, हे त्याच्याकडून शिकण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.